सॅम्पल फ्लॅटमधला पाहुणा

१

सफाईवाली मावशी कुलूप उघडून आत गेली तेव्हा आधी तिला चपला दिसल्या. दाराच्या आत, भिंतीला लावून, जोडीनं नीट ठेवलेल्या जुन्या चपला. एकीचा अंगठा वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेला.

"कोण आहे आत?" तिनं दारातूनच विचारलं.



हा सॅम्पल फ्लॅट होता. राहायचं घर नव्हे, दाखवायचं घर. मागे उभ्या राहणाऱ्या टॉवरमधली घरं कशी असतील ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून तळमजल्यावर सगळ्यात आधी सजवून ठेवलेलं. टॉवरच्या वरच्या मजल्यांना अजून भिंतीसुद्धा नव्हत्या, पण या एका घरात पडदे होते, झुंबर होतं, जेवणाच्या टेबलावर फळांची परडी होती. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मधे बरेच दिवस घर बंदच होतं, म्हणून शेवटचा हात फिरवायला मावशीला बोलावलं होतं.

तिनं झाडू उलटा धरला आणि बेडरूममध्ये डोकावली.

पलंगावर एक म्हातारा झोपला होता. अंगात नवे कोरे कपडे, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. केस विंचरलेले, हात छातीवर. पलंग त्याला आखूड पडत होता. खोली मोठी दिसावी म्हणून अशा घरातलं सामान मुद्दाम लहान मापाचं बनवतात. बाहेर आलेल्या पायांखाली एक स्टूल सरकवलं होतं आणि स्टुलावर टॉवेलची घडी ठेवली होती.

"अहो आजोबा, उठा. साहेब आले तर माझी नोकरी जाईल."

तिनं पायाला हात लावला आणि ओरडतच बाहेर पळाली.

२

फौजदार बाईंची निम्मी नोकरी चोऱ्यामाऱ्यांच्या तपासात गेली होती. त्यामुळे मेलेल्या माणसाआधी त्या खोली बघत.

डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "झोपेत हृदय बंद पडलंय. पहाटेच्या आधीच कधीतरी. मारहाण नाही, झटापट नाही. तपासणीत वेगळं काही निघेल असं मला तरी वाटत नाही."

"मग विषयच संपला," बिल्डर म्हणाला. पांढरे बूट घातलेला, सतत फोन हातात असलेला तो माणूस सकाळपासून तीनदा घाम पुसून झाला होता. "कुणीतरी भिकारी घुसला आणि मेला. मॅडम, दुपारपर्यंत जागा मोकळी करून द्या. उद्या लोक घर बघायला येणार आहेत. माणूस मेलेलं घर कोण घेईल?"

"भिकाऱ्याची नखं एवढी नीट कापलेली असतात?" बाई म्हणाल्या. "आणि मानेवर बघा. याला कुणीतरी न्हाव्याकडे नेऊन आणलंय. कपडे घेऊन दिलेत. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि ते फोडलेलं नाही. किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"माझ्याकडे एक. विक्री बघणाऱ्या मुलाकडे एक. आणि या मावशीकडे."

बाई घरभर फिरल्या. न्हाणीघरातले चकचकीत नळ सोडून बघितले, पाणी नव्हतं. पाइपच जोडलेले नव्हते. कोपऱ्यात मात्र पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार होते, एक रिकामा, एक अर्धा. फ्रिज म्हणजे नुसता खोका. टीव्ही पुठ्ठ्याचा. टेबलावरच्या परडीतलं सफरचंद उचललं तर हलकं लागलं. मेणाचं होतं. उलटं करून पाहिलं. खालच्या बाजूला कुणीतरी दातांनी चावा घेतला होता.

तेवढ्यात बिल्डर दिवाणखान्यातून ओरडला, "फोटो कुठे गेले?"

भिंतीवर तीन खिळे मोकळे होते. तिथे एका हसऱ्या कुटुंबाच्या तसबिरी असायच्या. आई, बाप, दोन गोरी गोमटी पोरं. जाहिरातीतली माणसं, कुणाची कुणी नव्हेत.

"चोरी! किल्ली हिच्याकडे होती," त्यानं मावशीकडे बोट दाखवलं. "हिनंच म्हाताऱ्याला आत घेतला असणार."

"अहो, समोरचे झगमगते मेणबत्त्यांचे स्टँड सोडून चोर परक्यांचे फोटो कशाला नेईल?" बरोबरचा हवालदार पुटपुटला आणि शोधायला लागला. फोटो मिळाले. बेडरूमच्या कपाटात, चादरीत गुंडाळून, तोंडं भिंतीकडे करून ठेवले होते.

बाहेरच्या दाराशी बाई पुन्हा थांबल्या. चौकटीच्या बाजूच्या लाकडी पट्टीवर स्क्रूची दोन ताजी भोकं होती. खाली भुशाचे चार कण.

"हे आधी नव्हतं," बिल्डर म्हणाला.

"म्हाताऱ्याचे खिसे रिकामे आहेत. पिशवी नाही, औषध नाही, चष्मा नाही. नाकावर चष्म्याचा वळ तर आहे." बाई दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "म्हणजे हा मेल्यावर इथे कुणीतरी येऊन गेलं. चपला तेवढ्या विसरून त्याचं बाकी सगळं सामान उचललं आणि बाहेरून कुलूप लावलं."

३

साइटच्या ऑफिसात बाईंनी एकेकाला बोलावलं. खिडकीबाहेर मोठा फलक होता, त्यावर निळं पोहण्याचं तळं रंगवलेलं. फलकाच्या मागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. गिऱ्हाइकाला त्या दिसू नयेत म्हणूनच फलक तिथे लावला होता.

मावशी खुर्चीत बसायलाच तयार होईना. "बसा," बाईंनी तीनदा सांगितलं तेव्हा टोकाला टेकली.

"फोटो तुम्ही काढलेत?"

"मी कशाला काढू? माझ्या घरात लावायचे म्हटले तर भिंत तरी पाहिजे ना. चारी बाजूंनी पत्रा आहे, खिळा मारला तर पलीकडच्याच्या पाठीत जाईल."

हवालदार हसला. मावशी हसली नाही.

"त्या म्हाताऱ्याला तुम्ही ओळखता?"

"नाही हो बाई. आणि समजा माझं माणूस मी चोरून आणलंच असतं, तर आधी बजावलं असतं की बाबा, इथे कशाला हात लावू नको, सगळं खोटं आहे. आपल्याला सवय असते. आपण वस्तूला हात लावायच्या आधी विचारतो." ती पदराचं टोक पिळत राहिली. "मला नेणार का हो तुम्ही? माझी पोरगी शाळेतून येईल आता. तिला कोण सांगेल?"

नंतर विक्री बघणारा तरुण आला. पांढरा शुभ्र शर्ट, गळ्यात टाय. मजूर त्याला टायवालाच म्हणत. येताना त्यानं बाईंसाठी पाण्याचा ग्लास आणला, खाली रुमाल धरून ठेवला.

"मी त्यांना ओळखत नाही, मॅडम. कुठून आले असतील, काहीच कल्पना नाही."

"काल रात्री कुठे होतात?"

"साहेबांबरोबर हॉटेलात. पैसे गुंतवणाऱ्यांची पार्टी होती. साहेबांनी मला सोडलंच नाही, पहाट झाली."

"राहता कुठे?"

"इथेच. जवळच." त्यानं टायची गाठ नीट केली. "त्यांना आता कुठे नेणार?"

"सरकारी शवागारात. काही दिवस वाट बघू. कुणी आलं नाही तर बेवारस म्हणून विल्हेवाट लावतात."

"विल्हेवाट," तो म्हणाला. जणू काही तो शब्द त्यानं आधी ऐकलाच नव्हता. मग गिऱ्हाइकांपुढे हसत असेल तसं हसला. "आणखी काही मदत लागली तर सांगा."

तो गेला. त्यानं आणलेलं पाणी बाईंनी तसंच ठेवलं. या मुलाच्या बोलण्यातलं काहीतरी कानाला खटकलं होतं. काय ते मात्र लक्षात येईना.

४

वॉचमन शेवटी आला. गणवेशाची टोपी हातात धरून उभा राहिला.

"मी कुणालाच बघितलं नाही, बाईसाहेब."

"फ्लॅटची गॅलरी तुमच्या केबिनसमोर आहे. म्हातारा काही दिवस तरी आत राहिलाय. एकदाही दिसला नाही?"

"नाही."

"ठीक आहे. हवालदार, मावशीला गाडीत बसवा."

वॉचमननं दाराकडे पाहिलं. मावशी बाहेर ओट्यावर बसून होती, गुडघ्यात मान घालून.

"तिला नका नेऊ," तो म्हणाला. "सांगतो. पण आमच्या साहेबांना माझं नाव सांगू नका."

"साहेबांना का?"

"म्हातारा गॅलरीत बसलेला दिसला होता मला. मी हटकलं, कोण तुम्ही? तर म्हणाला, हे माझ्या मुलाचं घर आहे. असं ताठ बसून म्हणाला की मी सलामच ठोकला. म्हटलं, घर ज्याचं त्याचाच बाप असणार. साहेबांचे वडील." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "आणि आज सकाळी साहेब प्रेताशेजारी उभे राहून म्हणाले, भिकारी आहे. सख्ख्या बापाला, बाईसाहेब. मोठ्या लोकांच्या घरातलं मी कशाला बोलू?"

हवालदाराच्या हातातलं पेन थांबलं. काचेपलीकडे बिल्डर फोनवर कुणालातरी हसून सांगत होता की उद्याचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार आहे.

५

"माझा बाप?" बिल्डर आधी भडकला. "वेड लागलंय का त्याला?"

"तुमचे वडील आहेत का?"

"आहेत. घरी आहेत."

"दाखवा."

त्यानं रागारागानं फोन लावला. पडद्यावर एक नर्स आली, मग चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा. मागे केवढी तरी मोठी खिडकी, किमती पडदे. म्हाताऱ्यानं फोन डोळ्यांजवळ घेतला.

"तू आहेस का? अरे, येणार येणार म्हणतोस, कधी येणार? खालच्या मजल्यावरून वर यायला एवढे दिवस लागतात?"

बिल्डरनं फोन बंद केला. त्याचे कान लाल झाले होते. मेलेल्या म्हाताऱ्याबद्दल त्यानंतर तो भिकारी हा शब्द बोलला नाही.

फौजदार बाई एकट्याच सॅम्पल फ्लॅटमध्ये परत गेल्या. प्रेत हलवलं होतं. मोकळ्या खिळ्यांसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. वॉचमननं सांगितलेलं वाक्य त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिलं. माझ्या मुलाचं घर. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच सांगितलं गेलं होतं.

आणि मग मघापासून कानाला काय खटकत होतं तेही त्यांना कळलं.

"हवालदार," त्यांनी हाक मारली, "त्या मुलाला बोलवा. एकट्याला. आणि येताना त्याची बॅग आणायला सांगा."

६

"बसा," बाई म्हणाल्या. तो सोफ्याच्या कडेवर बसला, मावशी बसली होती तसाच.

"हे फोटो काढून ठेवणाऱ्याला ते विकायचे नव्हते. त्याला एवढंच हवं होतं की घरात राहणाऱ्यानं विचारू नये, ही भिंतीवरची माणसं कोण. ज्याला हे दाखवायचं घर आहे हे माहीत असेल तो असं विचारणारच नाही. म्हणजे म्हाताऱ्याला ते माहीत नव्हतं. म्हणून तर त्यानं मेणाच्या फळाला दात लावला. मावशीनं किंवा दुसऱ्या कुणी मजुरानं आपलं माणूस लपवलं असतं, तर आधी सांगितलं असतं की इथलं सगळं खोटं आहे. आणणाऱ्याला तेवढंच सांगता येत नव्हतं. कारण त्यानं हे घर आपलं म्हणून दाखवलं होतं."

त्यानं बॅग मांडीवर ओढून घेतली.

"किल्ल्या तीन. मावशी सुटली. बिल्डरला दुसऱ्याचं घर आपलं म्हणून सांगायची गरज नाही, त्याचं आहे. राहिलं कोण?"

"मॅडम, हा नुसता अंदाज आहे."

"सकाळपासून त्या मेलेल्या माणसाला सगळे 'तो' म्हणतायत. बिल्डर, हवालदार, वॉचमन. मीसुद्धा. तुम्ही एकटे 'ते' म्हणता. 'त्यांना कुठे नेणार' म्हणून विचारता."

"आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसं बोलायला."

"असेल. मग बॅग उघडा. दाराशी स्क्रूची भोकं आहेत, नावाची पाटी लावतात तिथेच. ती पाटी कुणीतरी काढून नेली. ती फेकून द्यायचं धाडस तुम्हाला झालं नसेल, असं मला वाटतं."

तो कितीतरी वेळ बॅगेच्या बंदाशी चाळा करत राहिला. मग त्यानं बॅग उघडली. रुमालात गुंडाळलेली पितळी पाटी. तिच्यावर एकच नाव होतं, त्याचं. खाली एक चष्मा आणि औषधाच्या गोळ्या.

"वडिलांनी करून आणली होती," तो म्हणाला. "आले त्याच दिवशी स्वतः लावली."

बाईंनी पाटी हातात घेतली.

"नोकरी लागल्यापासून सांगत होतो, घर घेतलंय. इथल्याच गॅलरीत उभा राहून फोन करायचो. झुंबर दाखवायचो. आई गेल्यावर ते म्हणाले, एकदा तुझं घर बघतो आणि परत जातो. कुठे नेणार होतो मी त्यांना? मी राहतो तिथे माझ्या कॉटवर दिवसा दुसरा झोपतो, रात्रपाळीवाला. हे घर उद्घाटनापर्यंत बंदच होतं. म्हटलं, थोडे दिवस निभावून नेऊ."

"पाण्याचं काय सांगितलंत?"

"लाइन फुटलीय म्हणून."

"रोज?"

"रोज." त्यानं हातानं तोंड झाकलं, पुन्हा काढलं. "काल रात्री पार्टीत मन लागत नव्हतं. साहेब म्हणाले, तू गेलास तर या पैसेवाल्यांना कोण हसवणार. पहाटे आलो तर ते गार पडले होते. त्यांच्या पायाशी बसलो. मग उठलो आणि पाटी काढली. पिशवी घेतली. कुलूप लावताना माझा हात थरथरलासुद्धा नाही, मॅडम. मला तेच सारखं आठवतंय."

"आणि मी मावशीला धरून नेलं असतं तर?"



"बोललो असतो," तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "माहीत नाही."

"गुन्हा काय लावायचा ते मी नंतर बघेन. आधी शवागारात या. वारस म्हणून सही लागेल."

"साहेबांना कळेल का?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. फौजदार बाई उठून गॅलरीत गेल्या. दुसऱ्याचं असं कोलमडणं बघायला लागणं हा त्यांच्या नोकरीतला सगळ्यात नकोसा भाग होता, आणि त्याला पगारात काही किंमत नव्हती.

७

शवागाराच्या व्हरांड्यात लाकडी बाक होते. वडिलांना जिवंत पाहिलेला म्हणून वॉचमनलाही आणलं होतं. मावशी कुणी न बोलावताच आली होती. तिनं टायवाल्याकडे एकदाच पाहिलं. त्यानं हात जोडले, तशी ती म्हणाली, "माझ्यापुढे नको जोडू. माझी पोरगी घरी आली तेव्हा पोलीस बघून रडत होती. तिच्यापुढे जोड." पण बसली मात्र त्याच्याच बाकावर.

वॉचमन मघापासून चुळबुळत होता. शेवटी तो मुलासमोर येऊन उभा राहिला.

"एक सांगायचं राहिलं. मला तेव्हा वाटलं होतं साहेबांचे वडील आहेत, म्हणून अर्थ लागला नव्हता. तुमच्या वडिलांनी मला विचारलं होतं, हे घर नुसतं दाखवायचंच आहे ना? मी म्हटलं, हो आजोबा, नळ कोरडे, फ्रिज खोटा, उद्घाटन झालं की लोक बघायला येणार. मला वाटलं, वयामुळे विसरायला होत असेल."

मुलानं मान वर केली. "काय म्हणाले ते?"

"हसले. म्हणाले, मुलगा धावत पळत माझ्यासाठी पाणी आणतोय. मला कळलंय हे त्याला कळलं तर तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवणार नाही. तुम्ही काही बोलू नका."

"कधी? कधी विचारलं?"

"मी पहिल्यांदा हटकलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

मुलगा बोटांवर काहीतरी मोजायला लागला. त्या दिवसानंतर किती वेळा लाइन फुटल्याचं सांगितलं ते तो बहुतेक आठवत होता. वडिलांनी प्रत्येक वेळी "असू दे रे, होतं असं शहरात" म्हटलं होतं, ते त्यानं नंतर बाईंना सांगितलं.

आतून कारकून ओरडला, "सकाळी आणलेल्या मयताचं कोण आहे?"

तो उठला, खिडकीशी गेला. व्हरांड्याच्या टोकाला बिल्डर आला होता, वर्तमानपत्रात काही येऊ नये म्हणून कुणाशी तरी बोलत. त्याची पाठ खिडकीकडे होती.

"नातं?" कारकुनानं विचारलं.

"मुलगा."

"मोठ्यानं बोला. पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

"मुलगा," तो मोठ्यानं म्हणाला. "ते माझे वडील आहेत."

बिल्डर वळला. मावशी, वॉचमन, हवालदार सगळे बघत होते. फौजदार बाई तेवढ्या बघत नव्हत्या.

"पत्ता?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

गळ्यातला टाय त्यानं सैल केला.

"बाजारामागची गल्ली. लाँड्रीच्या वरची खोली," तो म्हणाला. "सहा जण राहतो आम्ही तिथे. मला रात्रीपुरती कॉट आहे."

शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. कारकुनानं तेवढं सोडून बाकीचं लिहून घेतलं.